सहा पौंडांच्या आत

९ जून

नोला मॅमने ही वही दिली. यांच्या चर्चमध्ये म्हणे लहानथोर सगळेच रोजचं काहीतरी लिहून ठेवतात. मी म्हटलं, मॅम, नववीत शाळा सुटली माझी, माझं अक्षर मलाच लागत नाही. त्या म्हणाल्या, "मग बरंच की. दुसऱ्या कुणालाही लागणार नाही."

तर मी लॉनी स्टिडम. केंटकीचा. इथे वायोमिंगमध्ये वर्ल हॅच यांच्याकडे कामाला आहे, दुसरं वर्ष. वर्ल म्हणजे नोला मॅमचे नवरे. उन्हाळ्यात गुरं, पानगळीत शिकारीचा तळ. मी खेचरं लादतो, लाकडं फोडतो, तंबू ठोकतो. पाहुण्यांना एल्क हरणांपर्यंत घेऊन जातो तो वाटाड्या, आणि तो मी नाही. वाटाड्याच्या परवान्याच्या अर्जावर मालकाची सही लागते. परवा विचारलं तर वर्ल म्हणाले, "हा हंगाम जाऊ दे. मग बघू."

तेवढ्याचसाठी राहिलोय. नाहीतर एका जागी एवढा टिकणारा मी नाही.

१८ जून

शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीचा निकाल लागला. वर्लना यंदा 'कुठलाही एल्क' टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची परवान्याची चिठ्ठी, लागला. नर मारा नाहीतर मादी, पण एकच, आणि तोही वरच्या खोऱ्यात, जिथे झाडाच्या फांद्यांसारखी शिंगं घेऊन नर फिरतात. त्यांचा पुतण्या ब्रिग शाळेत होता तेव्हापासून ते अर्ज करताहेत. नोला मॅमने पाई केली. वर्ल नुसते गुडघा चोळत म्हणाले, "पाय आहेत तोवर लागला, हेच खूप."

मला त्याच खोऱ्याचा साधा मादीचा टॅग लागला. ब्रिग म्हणाला, "केंटकी, खारी मारायची सवय आहे ना तुला? ही खारीपेक्षा मोठी असते हं. चुकणार नाहीस."

ब्रिग दोन वर्षांपासून वाटाड्या आहे.

२७ जून

रायफल घेतली! गेल्या साली तळावर आलेल्या एका पाहुण्याची. काळा कार्बनचा दस्ता, पेन्सिलीसारखी बारीक नळी, आणि काडतूस मात्र मोठ्यातलं मोठं. दुर्बिणीसकट सहा पौंडांच्या आत. दोन औंस कमीच. एका बोटावर तोलता येते. इतकी नवी आणि इतकी चांगली वस्तू त्याला का विकायची होती कोण जाणे. वीसच गोळ्या झाडल्या आहेत म्हणाला. पैसेवाल्यांचं असंच.

इथे दहा हजार फुटांवर चढताना माझा श्वास भात्यासारखा चालतो आणि ब्रिग मागे वळून शीळ घालतो. यंदा बघू कोण घालतो.

वर्लनी ती हातात घेतली, खांद्याला लावली, परत दिली. "हलकी आहे," म्हणाले. मी म्हटलं, "हो ना, सर!" ते म्हणाले, "सर म्हणू नकोस. मी फौजेत नव्हतो."

११ जुलै

आज वर्लनी विचित्र काम लावलं. कुंपणाची तार घेऊन मागची टेकडी चढायची, वर पोचताच तार टाकून रिकामी रायफल दगडावर टेकवायची, खालच्या गोठ्याच्या दारावरची कडी दुर्बिणीत धरायची आणि घोडा दाबायचा. आधी माझ्या रायफलीने, मग खाली येऊन त्यांच्या. त्यांची नऊ पौंडांची, अक्रोडाचा दस्ता, जाड नळी.

माझ्यात कडी सापडायलाच वेळ लागला. सापडली तर छातीच्या ठोक्याबरोबर दारभर फिरत होती. त्यांच्यात ती कडीवर येऊन बसली, म्हातारं कुत्रं चुलीजवळ बसावं तशी.

वर्ल म्हणाले, "वजन काट्यावर नाही कळत. चढ संपला की कळतं."

मी म्हटलं, दुसऱ्यांदा चढायची सवय झाली होती म्हणून.

१७ ऑगस्ट

काल रानातल्या नेमबाजीची स्पर्धा झाली. दोघादोघांच्या जोड्या. दिवसभराचं सामान, पाणी, रायफल सगळं पाठीवर घेऊन डोंगर चढायचा. ठरल्या जागी पोचलं की घड्याळ सुरू. समोरच्या उतारावर लोखंडी पत्रे दडवलेले असतात. ते शोधायचे, अंतर काढायचं, आणि दगड, ओंडका, पाठपिशवी जे मिळेल त्यावर टेकून मारायचं. वर्लचा नेहमीचा जोडीदार कंबर धरून बसला म्हणून त्यांनी मला घेतलं. मला! ब्रिगचं तोंड बघण्यासारखं झालं.

नाव नोंदवताना रायफली तोलतात. हलक्या गटात बारा पौंडांची मर्यादा. माझी काट्यावर ठेवली तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "आणि बाकीची कुठे आहे?" सगळे हसले. मी मान ताठ करून उभा.

ब्रिग खुल्या गटात होता, सोळा पौंडांचं धूड घेऊन. दुसऱ्याच चढावर बसला आणि सकाळचं सगळं बाहेर काढलं. मी शेजारून शीळ घालत गेलो. दिवसातलं तेवढंच चांगलं झालं.

पालथं पडून मारायचं होतं तिथे माझे काही लागले. पण दगडावर टेकून, गुडघ्यावर बसून, ओंडक्यावरून... वारा फार विचित्र होता. आणि रायफल उडते इतकी की गोळी कुठे गेली ते दिसतच नाही. समोर आभाळ येतं. दर वेळी वर्ल शेजारून सांगायचे, "डावीकडे, दोन हात." मग, "डावीकडे, खाली." मग सांगायचेच थांबले.

वर्लच्या जिवावर आम्ही मधोमध आलो. त्यांच्या ओळखीचे दोघे येऊन म्हणाले, "वर्ल, दर साली वरच्या पाचांत असायचास, काय झालं?" ते म्हणाले, "माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत."

बरोबरच आहे, वय झालं त्यांचं.

१८ ऑगस्ट

आज घरामागे वर्लनी माझी रायफल भरून दिली. "त्या डब्यावर मार." मी धरली, दाबली. आत काडतूसच नव्हतं. नुसतं टक् झालं, आणि धक्का नसतानाच नळीने जमिनीत डोकं खुपसलं. माझे डोळे मिटले होते हे मला डोळे उघडल्यावर कळलं.

ब्रिग कुंपणावर बसला होता. इतका हसला की पडला. "केंटकी, डब्याला आधी नमस्कार करतोस होय!"

वर्ल हसले नाहीत. खेचरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोठं काडतूस हलक्या रायफलीत घातलं की सगळा धक्का माणसाला मिळतो. कुणाचेही मिटतील. ऑक्टोबरात माझी ने तू. मला नर दिसेपर्यंत ती तंबूतच पडून असणार."

मी म्हटलं, "नको, सर. ती म्हाताऱ्यांची आहे."

ब्रिगसमोर लाज राखायला बोललो. बोलल्यावर जीभ चावली, पण बोललो ते बोललो. वर्ल म्हणाले, "तीन पौंड जास्त आहेत खरे. पण ते तीन पौंड माझ्या बाजूने असतात."

२९ सप्टेंबर

वर तळ लागला. सात तंबू, एक चूल. पाहुण्यांना वर्ल दर साली सांगतात तेच यंदाही सांगितलं: "या तळावर रक्त दिसलं की टॅग संपला. जनावर सापडो न सापडो. आधी ते शोधायचं, दुसरं काही नाही. सरकारचा नियम नाही हा, माझा आहे."

एका पाहुण्याने विचारलं, "आणि कुणी सांगितलंच नाही तर?"

वर्ल म्हणाले, "तर मला कसं कळणार?" सगळे हसले. ते हसले नाहीत.

पाहुणे पाच तारखेपासून. त्याआधी दोन दिवस आम्हा कामाच्या माणसांचे. मी मादी आणली, नीट आणली, तर खाली गेल्यावर अर्जावर सही. तसं स्पष्ट म्हणाले नाहीत, पण अर्ज त्यांनी खोगिराच्या पिशवीत आणला आहे. मी पाहिलाय.

३ ऑक्टोबर

काय लिहू?

दुपारनंतर मी अलीकडच्या डोंगरधारेवर होतो. वर्ल पलीकडे, तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीशी. खालच्या कुरणात माद्यांचा कळप आला. मी धार पळत उतरलो, पुन्हा चढलो, दगडावर आडवा झालो. श्वास मावत नव्हता. अंतर पावणेचारशे यार्ड. उन्हाळ्यात असले पत्रे मी मारलेत. काही मारलेत.

दाबली. आभाळ आलं. पुन्हा खाली बघितलं तर कळप पळत होता आणि एक मादी मागे, चालत. चालतच झाडीत गेली.

मी खाली गेलो. सूर्य बुडायला अजून वेळ होता. ऍस्पेनच्या झाडांखाली पिवळ्या पानांवर आधी काही दिसलं नाही. मग केस दिसले, तपकिरी, चिमूटभर. मग एक पान, आणि त्यावर डाग. गडद.

मी ते पान बुटाने मातीत दाबलं. केसही.

का दाबलं ते मला ठाऊक नाही. ठाऊक आहे. ब्रिग, शीळ, तो अर्ज. आणि हेही मनात आलं की जखम लहानच असणार, मांडीवरची, चालत गेली ना, बरी होईल. झाडीत पन्नासेक पावलं गेलो. आणखी काही दिसलं नाही म्हणून परत फिरलो. म्हणजे दिसू नये असंच बघत होतो.

वर्ल घोड्यांपाशी थांबले होते. "काय झालं?"

"वरून गेली, सर."

"केस-बीस? काही?"

"नाही, सर. साफ चुकली."

ते माझ्या बुटांकडे बघत होते असं वाटलं. मग घोड्याचा पट्टा आवळला. आवळलेलाच होता. पुन्हा म्हणाले, "नक्की ना?"

"नक्की."

"बरं."

तळावर येईस्तोवर त्यांनी घोडा माझ्या मागेच ठेवला. थकले असावेत.

४ ऑक्टोबर

सकाळी उठलो तर वर्लचा घोडा आणि एक खेचर नव्हतं. ब्रिग म्हणाला, "काका खालच्या ओढ्याकडे गेलेत. एकटेच. नर बघून ठेवलाय वाटतं, आम्हाला दाखवायचा नाही."

ओढ्याकडे. माझी मादी त्याच अंगाला गेली होती. पण त्या अंगाला नरही असणारच.

ऊन चढल्यावर एकच बार ऐकू आला. जाड आवाज, त्यांच्या रायफलीचा. ब्रिगने टोपी उडवली. "लागला! इतक्या वर्षांनी! काकांचा एकच बार असतो." आम्ही वाटेवर जाऊन उभे राहिलो.

वर्ल खेचर ओढत आले, पायी, लंगडत. खेचरावर मांस होतं. शिंगं नव्हती.

ब्रिग आधी खेचराच्या मागे जाऊन बघून आला. मग म्हणाला, "काका, मादी?"

"हो."

"तुमचा टॅग... लावला? मादीला?"

"ज्याने मारली त्याचा टॅग लागतो," वर्ल म्हणाले. "गाठी सोडा. मांस गार व्हायला हवं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, रानात काय माझीच एक बंदूक आहे? खोऱ्यात आणखी तळ आहेत. आणि म्हाताऱ्या माणसाला कधी मांसाचीही इच्छा होते. मी हे सगळं गाठी सोडताना म्हटलं, मनात, आणि गाठ काही सुटेना.

५ ऑक्टोबर

पाहुणे आले. मांस सोडवायला ब्रिग आणि मी बसलो. ब्रिगने मागची तंगडी ओढली, तर मी म्हटलं, "ती मला दे, तू खांदा घे." "का रे?" "तंगडी सोपी असते, मला शिकायचंय." काय पण कारण!

हाडाजवळ मांस काळं पडलं होतं. सुरी टक् करून अडली. तांब्याची गोळी, पाकळ्या उलगडलेली. वर्लच्या रायफलीत तांब्याच्या गोळ्या नसतात, शिशाच्या असतात. या तळावर तांब्याच्या मीच वापरतो.

मी ती खिशात टाकली. ब्रिग गाणं म्हणत होता.

संध्याकाळी चुलीभोवती ब्रिगने पाहुण्यांना गोष्ट रंगवून सांगितली. "मी दुधाच्या दातांचा होतो तेव्हापासून काकांचे अर्ज चाललेत. लोक या टॅगसाठी नवस बोलतील. आणि काकांनी मारली काय? मादी! चष्मा घरी राहिला की काय, काका? शिंगं फांद्यांत अडकली असं वाटलं?" एका पाहुण्याला ठसका लागला. दुसरा म्हणाला, "मला विकला असता तो टॅग!"

वर्ल बटाटे परतत होते. "मांस चांगलं आहे," म्हणाले.

सगळे हसत होते. मीपण हसलो.

ते लिहायचं नव्हतं. पण हसलो, मोठ्याने, सगळ्यांबरोबर. वर्लनी तेवढ्यापुरती मान वर केली आणि परत कढईत बघितलं.

९ ऑक्टोबर

रायफल मागच्या तंबूत ताडपत्रीखाली ठेवली आहे. तिचा काय दोष? ती कुणाला म्हणाली नव्हती मला घे म्हणून.

ब्रिग म्हणतो तुझा टॅग अजून कोरा आहे, आपण दोघं जाऊ, मी तुला कळपाजवळ नेतो. खरंच चांगुलपणाने म्हणाला. पोटात दुखतंय असं सांगितलं.

इथून निघून जावं असं येतं मनात. आजवर जिथे जिथे बिघडलं तिथून मी निघूनच गेलोय, फार सोपं असतं. पण इथून खाली जायची एकच वाट आहे आणि खेचरं मला लादायची आहेत.

१५ ऑक्टोबर

पाहुणे गेले, आम्ही खाली आलो.

दुपारी वर्लनी खोगिरांच्या खोलीत बोलावलं. ते बाकावर बसून लगामांना तेल लावत होते. समोर पेटीवर अर्ज होता, बाजूला पेन.

मी काही बोलायच्या आधी खिशातली गोळी काढून अर्जावर ठेवली. "तंगडीत होती, सर. माझी आहे. केस सापडले होते, रक्तही. मी बुटाने दाबलं."

त्यांनी तेलाचं फडकं घडी करून ठेवलं. फार वेळ लावला घडी करायला.

"मला माहीत होतं," म्हणाले. "दुर्बीण तिच्यावरच होती. बार झाला आणि पाठ कमानीसारखी वर आली तिची."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"विचारलं ना. दोनदा."

"हो, सर."

"तेच चुकलं. विचारायचं नव्हतं, चल म्हणायचं होतं. उजेड होता अजून. दोघं असतो तर गाठली असती. पण मला बघायचं होतं तू खरं बोलतोस का. हा कागद होता ना माझ्या पिशवीत. तुझी परीक्षा घेत बसलो मी, लॉनी, आणि ती ओढ्यात बसून राहिली रात्रभर. सकाळी गेलो तर मान वर करून बघत होती. उठता येत नव्हतं."

मी ओरडा खायच्या तयारीने गेलो होतो. शिव्या दिल्या असत्या, हाकललं असतं, तर त्याला माझ्याकडे उत्तर होतं: हो, सर. त्यांचा आवाज बसला होता. मला वाटलं तेलाच्या वासाने.

त्यांनी अर्ज उचलला, गोळी पेटीवर घरंगळली. "यंदा सही करत नाही."

"बरोबर आहे. मी खोटं बोललो."

"तुझं तू बघ. इथे वर लिहिलंय, 'सदर इसम रानात भरवशाचा आहे.' खाली मालकाची सही. यंदा माझी सही कुणाच्याही असल्या कागदाखाली शोभायची नाही."

मग आम्ही लगामांना तेल लावलं. सगळ्या लगामांना.

संध्याकाळी जेवायला ब्रिग होता. नोला मॅमने त्याच मादीचं मांस कांदे घालून शिजवलं होतं. ब्रिगने पहिला घास घेतला आणि डोळा मारला. "आता कळलं. काकांचे दात हलायला लागलेत. नराचं मांस चावत नाही, म्हणून मादी!"

मी ताटातून मान वर केली. "ती मी घायाळ केली होती, ब्रिग. मी चुकली म्हणून सांगितलं. काकांना जाऊन संपवावी लागली."

ब्रिगचा काटा हवेतच राहिला. त्याने वर्लकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. नोला मॅम वाढायचा चमचा धरून उभ्याच.

"आम्ही दोघांनी," वर्ल म्हणाले. "आम्ही दोघांनी तिचं वाईट केलं. जेवा आता."

ती मादी आम्ही जेवलो.